‘बरोबर आहे का?’ आणि ‘किती वेळ लागला?’

शाळेच्या प्रयोगशाळेत आपण दोन तऱ्हेचे प्रयोग करतो. निळा लिटमस कागद द्रावणात बुडवला, तो तांबडा झाला, म्हणजे द्रावण आम्लधर्मी. येथे उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच असते. शेजारच्या टेबलावर मात्र कोणी तरी दोलकाचा आवर्तनकाल मोजत असतो. वीस आंदोलनांना पहिल्या वेळी ३२.४ सेकंद लागले, दुसऱ्या वेळी ३२.७, तिसऱ्या वेळी ३२.३. यांतले ‘बरोबर’ उत्तर कोणते? हा प्रश्नच येथे गैरलागू आहे. येथे आपण सरासरी काढतो आणि वाचने किती विखुरली आहेत ते पाहतो. पंखा चालू होता का, दोलक किती अंशातून सोडला होता, हेही वहीत लिहून ठेवतो.

पहिला प्रयोग गुणात्मक, दुसरा परिमाणात्मक. हे दोन्ही एकाच तक्त्यात, एकाच निकषाने तपासायचे ठरवले तर काय गोंधळ होईल, याची कल्पना करा. संगणकाच्या आज्ञावल्या तपासणाऱ्यांपुढे नेमका हाच प्रश्न उभा राहतो. या लेखात आपण त्याचे एक प्रत्यक्षातले उदाहरण पाहू या.

उदाहरण आहे जीडीबी या आज्ञावलीचे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ साली ती प्रथम लिहिली, आणि तेव्हापासून अनेकांनी मिळून ती वाढवली. ती ‘डिबगर’ या वर्गात मोडते. दुसऱ्या एखाद्या आज्ञावलीत दोष कोठे दडला आहे हे शोधायला मदत करणारी आज्ञावली म्हणजे डिबगर. चालत्या आज्ञावलीला हव्या त्या ठिकाणी थांबवायचे, त्या क्षणी कोणत्या चलाची किंमत काय आहे ते पाहायचे, मग एकेक पाऊल पुढे टाकत नेमके काय बिघडते ते न्याहाळायचे, ही तिची कामे.

‘हव्या त्या ठिकाणी थांबवणे’ कसे साधते, हे थोडे खोलात जाऊन पाहण्यासारखे आहे. इंटेलच्या एक्स-८६ घराण्यातील प्रोसेसरला २०४ या अंकाची एक-बाइटी आज्ञा ठाऊक असते. ही आज्ञा भेटली की प्रोसेसर चालू काम सोडून संचालन प्रणालीकडे धाव घेतो. डिबगर काय करतो, तर जेथे थांबायचे आहे तेथील मूळ बाइट उचलून जपून ठेवतो आणि त्या जागी २०४ लिहून मोकळा होतो. आज्ञावली धावत धावत तेथे आली की अडखळते, संचालन प्रणाली तिला थांबवते आणि डिबगरला वर्दी देते. पुढे जायचे असेल तेव्हा डिबगर मूळ बाइट परत जागेवर ठेवतो, प्रोसेसरला फक्त एक आज्ञा पार पाडायला लावतो, पुन्हा २०४ लिहितो आणि मग आज्ञावलीला मोकळी सोडतो. रस्त्यात खड्डा खणून ठेवावा, गाडी अडकली की तो बुजवून ती पुढे ढकलावी आणि मागे पुन्हा खड्डा खणावा, असाच हा प्रकार. पडद्यावर मात्र आपल्याला एवढेच दिसते की आज्ञावली अमुक ओळीवर थांबली.

आता अशी आज्ञावली स्वतःच चुकीची वागू लागली तर? मोजपट्टीच वाकडी असेल तर मोजमापावर विश्वास कसा ठेवायचा? म्हणूनच जीडीबीबरोबर तिची एक मोठी चाचणीमालाही तयार करण्यात आली आहे. ‘मेक चेक’ अशी आज्ञा दिली की ही माला सुरू होते. तिच्यातील तपासण्यांची संख्या दहा हजारांच्या पटीत आहे. प्रत्येक तपासणीची रीत साधी असते. डिबगरला एक प्रश्न विचारायचा, त्याने दिलेले उत्तर अपेक्षित उत्तराशी ताडून पाहायचे. जुळले तर ‘पास’, नाही तर ‘फेल’. आणखी काही शेरेही आहेत. या यंत्रावर ही सोयच नसेल तर ‘अनसपोर्टेड’, दोष आधीपासून माहीत असून तो अजून दुरुस्त झालेला नसेल तर त्यासाठी वेगळा शेरा. परंतु ‘१२.४ सेकंद’ असे उत्तर लिहायला या शेऱ्यांच्या यादीत जागाच नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे ती उपयोगी पडेल.

बरोबर, पण कूर्मगतीने

तुम्ही म्हणाल, उत्तर बरोबर आले म्हणजे झाले, वेळेशी आपल्याला काय कर्तव्य? याचे उत्तर ‘वॉचपॉइंट’ या सोयीत सापडते. एखाद्या चलाची किंमत कोण आणि केव्हा बदलतो हे कळत नसेल, तर ‘या चलावर नजर ठेव, किंमत बदलली की थांब’ असे डिबगरला सांगता येते. ८०३८६ या प्रोसेसरपासून, म्हणजे १९८५ पासून, इंटेलच्या प्रोसेसरमध्ये या कामासाठी चार खास पत्ता-नोंदक असतात. त्यांत स्मृतीचा पत्ता भरला की नजर ठेवण्याचे काम प्रोसेसर स्वतःच करतो आणि आज्ञावली जवळपास नेहमीच्या वेगाने धावते.

हे नोंदक मिळाले नाहीत, किंवा चार पुरले नाहीत, तर डिबगरला दुसरा मार्ग धरावा लागतो. आज्ञावलीची एक आज्ञा पार पाडायची, थांबायचे, चलाची किंमत पाहायची. पुन्हा एक आज्ञा, पुन्हा थांबणे, पुन्हा पाहणे. उत्तर अगदी तेच येते, पण आज्ञावलीचा वेग शेकडो पटींनी मंदावतो.

आता असे समजा की, कोणी जीडीबीमध्ये एक लहानसा बदल केला आणि त्यामुळे खास नोंदक उपलब्ध असूनही डिबगर दुसऱ्याच मार्गाने जाऊ लागला. चल बदलल्यावर डिबगर थांबला का? होय, थांबला. योग्य ओळीवर थांबला का? होय. फक्त उत्तर ताडून पाहणारी चाचणी ‘पास’ म्हणेल. नियमित चाचण्या उत्तराची वाट पाहताना एक कालमर्यादा पाळतात हे खरे. त्यांच्यामागे असलेल्या ‘एक्स्पेक्ट’ या साधनाची मूळ मर्यादा १० सेकंदांची आहे. पण चाचणीसाठी लिहिलेली आज्ञावली इवलीशी असते. शेकडो पटींनी मंदावूनही ती या मर्यादेच्या आत आपले काम उरकू शकते. खऱ्याखुऱ्या, लाखो ओळींच्या आज्ञावलीत दोष शोधणाऱ्याला मात्र सकाळपासून संध्याकाळपर्यंत पडद्याकडे पाहत बसावे लागेल. कामाला न येणारे बरोबर उत्तर, असेच त्याचे वर्णन करावे लागेल.

तेव्हा वेळ मोजलाच पाहिजे, याविषयी शंका नको. तो कोठे आणि केव्हा मोजायचा, हा खरा प्रश्न.

एका यादीत घातले तर काय होते?

पहिल्यांदा सुचणारा उपाय सोपा असतो. नियमित चाचण्यांच्या यादीतच आणखी काही चाचण्या घालायच्या आणि ‘हे काम अमुक सेकंदांत झाले नाही तर फेल’ असे ठरवून टाकायचे. या उपायात कोठे पाणी मुरते ते गणिताने पाहू.

वेळेचे मापन म्हणजे दोलकाचा प्रयोग. प्रत्येक वाचन थोडे वेगळे येणार. संगणक त्याच वेळी टपाल तपासत असतो, फायली नोंदवत असतो. प्रोसेसर फार तापला तर तो स्वतःचा वेग कमी करतो. आज्ञावली पहिल्यांदा चालवली तर ती तबकडीवरून उचलावी लागते, दुसऱ्यांदा ती स्मृतीत तयारच असते. म्हणून डिबगरमध्ये काहीही बिघडलेले नसताना एखादे वाचन मर्यादेच्या पलीकडे जाऊ शकते. समजा, अशी खोटी हाकाटी वीस वेळांत एकदा होते. म्हणजे ती न होण्याची संभाव्यता ०.९५. अशा दहा चाचण्या असतील आणि त्या एकमेकींवर अवलंबून नसतील, तर दहाही चाचण्या शांत राहण्याची संभाव्यता ०.९५ चा दहावा घात, म्हणजे सुमारे ०.६०. याचाच अर्थ, शंभरांपैकी जवळजवळ चाळीस वेळा कोठे तरी ‘फेल’ उमटणार आणि दोष मात्र कोठेच नसणार!

मग अधिक काळजीपूर्वक चाचण्या लिहू, खोटी हाकाटी शंभरांत एकदाच होईल असे करू. परंतु चाचण्याही वाढत जातातच. अशा शंभर झाल्या की ०.९९ चा शंभरावा घात घ्या. उत्तर सुमारे ०.३७ येते. म्हणजे शंभरांतून त्रेसष्ट वेळा खोटी हाकाटी. आपली प्रत्येक चाचणी अधिक चांगली झाली आणि एकूण परिस्थिती मात्र पहिल्यापेक्षा वाईट झाली.

‘लांडगा आला रे आला’ ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. येथेही तसेच घडते. ‘फेल’ दिसले की काम करणारी मंडळी ‘ती वेळेची चाचणी असेल, पुन्हा चालवून पाहा’ असे म्हणू लागतात. काही दिवसांनी पुन्हा चालवायचेही सोडून देतात. मग ज्या दिवशी डिबगर खरोखरच चुकीची किंमत दाखवतो, त्या दिवशीचे ‘फेल’सुद्धा त्याच गर्दीत हरवून जाते. माझ्या मते नुकसान आहे ते येथे. मापनाच्या चाचण्या स्वतः तर निरुपयोगी ठरतातच, पण शेजारच्या चांगल्या चाचण्यांची पतही घालवतात.

यावर मर्यादा खूप सैल ठेवावी, असेही काही जण सुचवतात. नेहमी १० सेकंद लागत असतील तर ३० पर्यंत चालवून घ्यावे. हाकाटी थांबते खरी, पण मग पहारेकरीही झोपतो. १० चे १५ सेकंद झाले, तरी कोणाला पत्ता लागत नाही.

आणखी एक अडचण आहे, आणि ती मला सर्वांत नमुनेदार वाटते. हजारो नियमित चाचण्या एकापाठोपाठ एक चालवल्या तर फार वेळ जातो. म्हणून त्या समांतर चालवण्याची सोय जीडीबीच्या मालेत आहे. आठ गाभ्यांचा प्रोसेसर असेल तर आठ गट एकाच वेळी धावू शकतात. ‘बरोबर की चूक’ याच्याशी शेजारी काय चालले आहे याचा सहसा संबंध नसतो. लिटमसचा कागद वर्गात गलका असला तरी तांबडाच होतो. पण वेळ मोजायचा असेल, तर शेजारी सात कामे धावत असताना घेतलेल्या वाचनाला काय अर्थ? एका प्रकारच्या चाचण्यांना गर्दी मानवते, दुसऱ्या प्रकाराला एकांत लागतो. दोघींची सोय एकाच खोलीत करायची म्हटली, तर एकीला तरी गैरसोय सोसावी लागणारच.

वेगळी चूल

जीडीबीमध्ये यासाठी २०१३ साली वेगळी व्यवस्था करण्यात आली. वेळ मोजणाऱ्या चाचण्या ‘जीडीबी डॉट पर्फ’ नावाच्या स्वतंत्र कप्प्यात ठेवल्या गेल्या आणि त्यांच्यासाठी ‘मेक चेक-पर्फ’ ही वेगळी आज्ञा आली. यांतील प्रत्येक चाचणी सुरुवातीलाच एक प्रश्न विचारते. मापन करण्याविषयी मला मुद्दाम सांगितले आहे काय? त्यासाठी एक ठरावीक चल पाहिले जाते. नेहमीच्या ‘मेक चेक’मध्ये त्याला किंमत दिलेली नसते, त्यामुळे चाचणी काही न करता तेथूनच परत फिरते. ‘मेक चेक-पर्फ’ मात्र ती किंमत भरते. बसवायला किती थोडी मेहनत! दारावर एक प्रश्न, बस्स.

या चलाच्या तीन किंमती असू शकतात. ‘फक्त कंपाइल कर’, ‘फक्त चालव’ आणि ‘दोन्ही कर’. हा भेद उगाच केलेला नाही. चाचणीसाठी लागणारी आज्ञावली तयार करणे हे काम जड असते. ते एकदा उरकून ठेवावे आणि मग तीच तयार आज्ञावली वापरून जीडीबीच्या जुन्या व नव्या आवृत्त्यांचे मापन करावे. दोलक एकच, निरीक्षक दोन. दोलकच बदलला, तर तुलना कशाची करणार?

मोजतात तरी काय? एकेक पाऊल टाकत जाणे, एकातून एक बोलावल्या गेलेल्या फलनांची साखळी उलगडून दाखवणे, यंत्रभाषेतील आज्ञा वाचनीय रूपात मांडणे, अनेक सामायिक संग्रह स्मृतीत आणणे व काढून टाकणे, अशी ही कामे. ती किती वेळा करायची हे बाहेरून ठरवता येते. प्रत्येक कामासाठी प्रोसेसरने खर्च केलेला वेळ, घड्याळाप्रमाणे गेलेला वेळ आणि वापरलेली स्मृती अशा नोंदी होतात. पहिले दोन वेळ निराळे का? परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही सहा ते नऊ टेबलापाशी बसलात, त्यातली चाळीसच मिनिटे खरा अभ्यास झाला. घड्याळाचा वेळ तीन तास, प्रोसेसरचा वेळ चाळीस मिनिटे. दोन्ही आकडे खरे आहेत आणि त्यांच्यातील फरकच बरेच काही सांगून जातो.

मापनापूर्वी एक ‘सराव फेरी’ही घेतली जाते, तिची नोंद करत नाहीत. दोलकाची पहिली काही आंदोलने आपण सोडून देतो ना, तेच हे. शिवाय या चाचण्या पायथन भाषेत लिहिलेल्या असल्यामुळे आणखी एक खबरदारी लागते. पायथन अधूनमधून स्मृतीतील केरकचरा आपण होऊन झाडत असते. नेमके मापन चालू असताना झाडू फिरला तर वाचन फुगते. म्हणून मापनापुरता झाडू बंद ठेवतात आणि नंतर मुद्दाम फिरवतात. भौतिकीच्या कोणत्याही शिक्षकाला ही काळजी ओळखीची वाटेल.

वेगळे केले म्हणजे सगळे सुरळीत झाले, असे मात्र नाही. ‘ऐच्छिक’ म्हटलेल्या प्रश्नाचे उत्तरपत्रिकेत काय होते हे शिक्षकांना सांगायला नको. ऐच्छिक चाचणी कोणी चालवलीच नाही, तर मूळ आज्ञावली बदलत जाते आणि चाचणी जुनीच राहते. वर्षभराने ती चालवायला घ्यावी तर सुरूच होत नाही. म्हणून ‘ऐच्छिक’ याचा अर्थ ‘प्रत्येक वेळी सक्ती नाही’ एवढाच घ्यावा, ‘कधीच नाही’ असा घेऊ नये. रोज रात्री किंवा आठवड्यातून एकदा, एकाच ठरावीक यंत्रावर, दुसरे काही चालू नसताना ती चालवण्याचा नेम हवा. गो भाषेच्या साधनांतही असाच भेद केलेला आहे. तेथे नेहमीची चाचणी-आज्ञा दिली तर मापने चालत नाहीत, ती स्पष्ट शब्दांत मागावी लागतात. एक मधला मार्गही आहे. नियमित फेरीत मापनाची चाचणी एकदाच, लहानशा संख्येसाठी चालवून पाहायची. किती वेळ लागला हे विचारायचेच नाही, चाचणी धडपणे चालते ना एवढेच पाहायचे. यंत्राला गंज चढू नये म्हणून ते अधूनमधून फिरवावे, तसे.

आणि आकड्यांची नोंदवही जपलीच पाहिजे. का, ते चक्रवाढ व्याजाच्या सूत्राने कळेल. समजा, प्रत्येक महिन्यात आज्ञावली २ टक्क्यांनी मंदावते. मागच्या महिन्याशी तुलना केली तर २ टक्के म्हणजे काहीच नाही, एवढी हालचाल नेहमीच्या विखुरण्यातही असते. पण बारा महिन्यांनी १.०२ चा बारावा घात होतो १.२७, आणि चोवीस महिन्यांनी १.६१. दोन वर्षांत वेळ ६१ टक्क्यांनी वाढला आणि एकाही महिन्याच्या तुलनेत तो दिसला नाही! जुने आकडे वहीत असतील आणि आलेख काढला असेल, तर चढ नजरेत भरतो. ‘पास’ आणि ‘फेल’ या दोन शेऱ्यांचा कधी आलेख निघत नाही.

काही प्रसंगी वेळेऐवजी मोजदाद करता येते, ही वाट अवश्य लक्षात ठेवावी. दूरच्या यंत्रावरील आज्ञावली तपासताना जीडीबी त्या यंत्राशी लहान लहान निरोपांनी बोलते. एका कामाला ३ निरोप पुरतात की ३०० लागतात, हे पूर्णांकात मोजता येते. यंत्र तापले, शेजारी गर्दी झाली, तरी तो आकडा सहसा हलत नाही. एस्क्यूलाइट या विदागाराचे निर्माते वेगाची तुलना करताना घड्याळावर विसंबत नाहीत. प्रोसेसरचे काम मोजणारे एक साधन वापरून ते फार सूक्ष्म सुधारणाही ओळखतात. अशी मोजदाद जेथे जमते, तेथे मापनाची चाचणी निर्धास्तपणे नियमित यादीत घालावी. कारण मग ते लिटमससारखेच उत्तर झाले.

करून पाहा

शाळेच्या संगणकावर पायथन असेल तर पुढील प्रयोग करता येईल. १ पासून ५० लाखांपर्यंतच्या संख्यांच्या वर्गांची बेरीज करणारी चार-पाच ओळींची आज्ञावली लिहा. ‘टाइम’ या मॉड्यूलमध्ये घड्याळाचा वेळ देणारे ‘परफ काउंटर’ आणि प्रोसेसरचा वेळ देणारे ‘प्रोसेस टाइम’ अशी दोन फलने आहेत. बेरजेच्या आधी व नंतर दोन्हींची वाचने घेऊन वजाबाकी करा. प्रथम संगणकावर दुसरे काहीही चालू नसताना दहा वाचने घ्या. मग एखादी चित्रफीत लावून दहा. मग याच आज्ञावलीच्या, प्रोसेसरच्या गाभ्यांपेक्षा अधिक, प्रती एकदम सुरू करून त्यांतील एकीची दहा. शेवटी बेरजेच्या मध्येच दोन सेकंद झोपण्याची आज्ञा घालून दोन्ही घड्याळे काय दाखवतात ते पाहा.

पहिल्या दहा वाचनांची सरासरी काढा आणि तिच्या ५ टक्के वर एक मर्यादा आखा. झोपेची वाचने सोडून तीसही वाचने या मर्यादेशी ताडून पाहा. घड्याळाच्या वेळेप्रमाणे त्यांतील किती ‘फेल’ ठरतात? प्रोसेसरच्या वेळेप्रमाणे किती? आणि ही तीसही वाचने देताना बेरजेचे उत्तर किती वेळा चुकले, तेही शेजारच्या रकान्यात लिहा.